वहिनी, बापू जागा आहे

वहिनी, आधी भांडणाचं बोलून घेऊ, कारण ते अर्धवट राहिलंय. बापूची सकाळची पाव गोळी बंद करायची की चालू ठेवायची, यावर आपलं जे चाललं होतं त्यात शेवटचं वाक्य तुझं होतं आणि तू उत्तराची वाट न पाहता निघून गेलीस. हे तुझ्या स्वभावाला धरूनच झालं म्हणा. बोलून झालं की तू चुलीकडे वळायचीस आणि मी ओट्यावर बसून उत्तर जुळवत राहायचो. आता उत्तर जुळलंय, पण ऐकणारं माणूस नाही.

काल तुझी गंधमुक्ती झाली, सुतक फिटलं. सुरतचे, नाशिकचे भाऊबंद सकाळच्या गाड्यांनी परत गेले. आबा पडवीत खुर्ची टाकून बसलाय. आयुष्यभर शाळेत पोरांना 'हाताची घडी' सांगणारा माझा थोरला भाऊ आता स्वतःच हाताची घडी घालून बसतो आणि चहा निवून जातो. आल्या-गेल्यांनी तुझं कौतुक केलं. मोठी सोशिक बाई होती, म्हणाले. मला तिथेच राग आला. सोशिक बाई नवऱ्याशी, दिराशी आणि धुळ्याच्या डॉक्टरशी अशी भांडते का? पण दुःखाच्या घरात वाद नको, म्हणून गप्प बसलो. तुला बोलताना 'तू' म्हणत आलो, लिहितानाही तेच म्हणतो. खोटा मान दिला तर तूच हसशील.

बापू आम्हा भावांत सगळ्यात धाकटा. अंगाने थोराड आणि समजेने चार-पाच वर्षांच्या पोराएवढा. बोलायला मोजके शब्द. तू लग्न होऊन पारोळ्याला आलीस तेव्हा तो मिसरूड फुटलेला गडी होता, आणि अधूनमधून स्वतःच्या कानशिलावर तळहाताने असे काही तडाखे मारायचा की आवाज गल्लीपर्यंत जायचा. मनगटाला चावून चावून तिथली कातडी बैलाच्या खांद्यासारखी घट्ट झालेली. आज सगळे म्हणतात, वहिनीने पहिल्या दिवसापासून त्याला पोटाशी धरलं. खोटं आहे. पहिलं वर्षभर तू त्याला भ्यायचीस. तो मारायला लागला की स्वयंपाकघराची कडी आतून लागायची. मला हे आठवतं आणि बरं वाटतं. भीती नसलेल्या माणसाने हे केलं असतं तर त्यात काय विशेष होतं?

तुमची सोयरीक जुळली ती हापशावर. गल्लीत नवा हापसा बसला आणि बापूला त्याचं वेड लागलं. पहाटेपासून दांडा खालीवर, खालीवर. गल्लीतल्या सगळ्या बायांच्या कळशा तोच भरायचा. तू घागर घेऊन लांब उभी राहायचीस. एक दिवस त्याने स्वतः येऊन तुझ्या हातातली घागर घेतली, भरली आणि म्हणाला, "व्हनी, पानी." घरी येऊन तू आबाला सांगितलंस, "त्यानी माले हाक मारी." आबा पेपर वाचत होता. त्याने नुसतं हं केलं. मी मात्र तुझा चेहरा पाहिला होता.

मग आई गेली आणि बापूचं मारणं वाढलं. का वाढलं ते त्याला सांगता येत नव्हतं आणि आम्हाला विचारता येत नव्हतं. उजवा डोळा सुजून बंद झाला. आबा घाबरला. त्याचंही चूक नव्हतं. "एखादा डोया जाई त्याना, मंग काय करशी?" असं तो मला विचारायचा, जणू मेडिकलचं दुकान टाकलं म्हणजे मी धन्वंतरीच झालो. शेवटी बापूला एसटीत मधे बसवून आम्ही धुळ्याला नेलं, पांझरा ओलांडून देवपुरात. तिथल्या डॉक्टरांनी हॅलोपेरिडॉल चालू केलं. माझ्या दुकानात ते मिळायचं नाही, मी जळगावच्या होलसेलरकडून मागवून घेतलं. तुला ते नाव कधी म्हणता आलं नाही. तू म्हणायचीस, "भाऊ, तुनी परी उनी का?"

परी आली आणि घर शांत झालं. हे आपण दोघांनीही कधी नाकारलं नाही. मारणं थांबलं, डोळा उघडला, मनगटावर नवी कातडी आली. तू कानबाईला नारळ कबूल केलंस. आबा पुन्हा संध्याकाळी पारावर जाऊन बसायला लागला. सकाळ-संध्याकाळ तू गोळी बत्त्याने कुटायचीस, तूप-गुळात कालवून भाकरीच्या घासात भरवायचीस, आणि बापू मुकाट गिळायचा.

मुकाट हाच शब्द तुला खुपला. हळूहळू तो सगळंच मुकाट करायला लागला. लाळ गळायची. पाय उचलून टाकायचा तो ओढून चालायला लागला. सकाळी हापशाकडे जायचा, दांड्यावर हात ठेवायचा आणि तसाच उभा राहायचा. बाया त्याचा हात बाजूला करून आपापलं पाणी भरायच्या. तू दुकानात आलीस, गिऱ्हाईकं उभी होती, तरी बोललीस, "भाऊ, हाऊ शांत नही, हाऊ निजेल शे."

मी म्हणालो, निजलेला बरा की आंधळा झालेला बरा? तू म्हणालीस, "तू गोया इकस, म्हनीसन तुले बठ्ठा दुखनावर गोयीच दिसस." गिऱ्हाईकं हसली. मी चिडलो, आणि त्या चिडण्यातच आपलं भांडण सुरू झालं. ते इतकी वर्षं पुरलं.

त्या श्रावणात तुझ्या हातून ती चूक झाली. कुणाला सांगायला गेलं तर आपल्या भागाबाहेरच्या माणसाला ती चूक कळणारही नाही. कानबाई आपल्याकडे घरात येते म्हणजे कुळाची माय येते. घराला रंग, भाऊबंद झाडून सगळे हजर, आणि रोटांसाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू. बापूच्या नावाची मूठ तू स्वतः घालायचीस. ते रोट कुळाबाहेर जात नाहीत आणि ते संपेपर्यंत घरात दुसरं शिजत नाही. मग गोळी कशात द्यायची? भाकरी नाही, रोटच आहे. आणि देवीच्या रोटात औषध कालवायला तुझा हात होईना. कुणाला न विचारता तू गोळी बंद ठेवलीस. रोट संपले की पुन्हा चालू करू, असा तुझा साधा हिशेब.

कानबाईचं विसर्जन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत होतो. गल्लीतून हापशाचा आवाज आला. सरळ, दमदार, न थांबणारा. मी ब्रश तोंडात तसाच ठेवून बाहेर आलो. आबा बनियनवर बाहेर आलेला. पाहुणे खिडकीतून पाहत होते. बापू दांडा हाणत होता आणि हसत होता. तू शेजारी घागर घेऊन उभी. "व्हनी, पानी," तो म्हणाला. किती दिवसांनी! तू भरलेली घागर पुन्हा रस्त्यावर ओतलीस आणि त्याच्यापुढे रिकामी धरलीस. त्याने पुन्हा भरली. तू पुन्हा ओतलीस. शेजारच्या काकू ओरडल्या, पाणी वाया घालवू नको म्हणून. पाण्याच्या बाबतीत एरवी तू किती चिकट होतीस ते मला माहीत आहे.

औषध थांबल्याचं मला तोवर ठाऊक नव्हतं. मला वाटलं, अंगाला औषध मानवलं. रोट संपता संपता मारणं परत आलं, आणि पूर्वीपेक्षा वाईट आलं. कानाच्या पाळीतून रक्त. आबाने आणि मी मिळून त्याचे हात धरले तरी धरवेनात. तेव्हा तू सांगितलंस. मी तुला नको नको ते बोललो. एवढी अक्कल नाही का, औषध असं तोडतात का. तुझ्याही डोळ्यांत पाणी होतं, पण मान खाली नव्हती. "देवीना रोटमा गोयी कशी चुरू मी?" म्हणालीस. आणि लगेच दुसरं, "पन तो जागा व्हयना व्हता, भाऊ. तू बी दखं."

दखं. मी पाहिलं होतं. म्हणून तर तुझ्यावर जास्त चिडलो होतो.

दुसऱ्या दिवशी धुळ्याला गेलो. एसटीत तू खिडकीशी, बापू मधे, त्याच्या दोन्ही हातांना तुझ्या जुन्या लुगड्याची मऊ पट्टी. तू रस्ताभर त्या पट्टीच्या गाठी सारख्या करत राहिलीस. मला वाटलं, डॉक्टरांपुढे चूक माझ्या तोंडून वदवून घेणार. पण केबिनमध्ये पाय ठेवल्याबरोबर तूच सांगून टाकलंस की गोळी मी बंद केली. डॉक्टर तापले. असं एकदम बंद करायचं नसतं, हळूहळू उतरवायचं असतं, नाहीतर असंच उसळून येतं, असं त्यांनी मोठ्या आवाजात सुनावलं. आबा असता तर हात जोडून बाहेर आला असता. तू म्हणालीस,

"साहेब, रागे भरा, मी आयकी लिसू. पन माले एक सांगा. हाऊ सोताले मारस तव्हय बी मना देर शे. नही मारस तव्हय बी मना देर शे. पन निजेल ऱ्हास तव्हय हाऊ कोन शे?"

डॉक्टर मूळचे कोकणाकडचे, तरी त्यांना अहिराणी कळत होती, देर म्हणजे दीर हेही. त्यांनी चष्मा काढला. मी मनात म्हटलं, आता आपल्याला हाकलणार. ते उठले, बापूजवळ आले आणि त्याच्याशी हळू बोलत बोलत त्याचा ओठ वर केला. मागची दाढ किडून पोखरलेली होती. कानशिलावर मारतो ती हीच बाजू, ते म्हणाले. ते स्वतःवरच चिडल्यासारखे दिसले. हे आधी पाहायला हवं होतं, असं तोंडाने बोलले. मोठ्या डिग्रीच्या माणसाने असं बोलावं, हेही मला मोठंच वाटलं. मग त्यांनी आपल्याला बसवून सगळं समजावून सांगितलं. गोळी म्हणजे काही या दुखण्याचा इलाज नव्हे. मारणं हे त्याचं बोलणं आहे. काय बोलतोय ते शोधायचं, दुखतंय का, कंटाळलाय का, गलका सोसत नाही का. तेवढा वेळ मिळावा म्हणून गोळी. लागेल तेवढीच, आणि उतरवायची ती त्यांना विचारून, पायरी पायरीने. तू मान डोलावलीस. बाहेर आल्यावर मला म्हणालीस, "दखं? तुनी परी पायरीवरून उतरस म्हने." तुझा विनोद कुठे उगवेल याचा नेम नसायचा.

दाढ काढली तेव्हा मारणं निम्म्याने कमी झालं. उरलेलं निम्मं कमी करायला तुला काही वर्षं लागली. लोकांना हा भाग सांगता येत नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही घडत नाही. तू रोज तेच करायचीस. त्याचा हात वर जायच्या आत तो हात घेऊन तू स्वतःचा पदर त्यात द्यायचीस आणि ओढायला लावायचीस. ओढलं की सगळं काम टाकून त्याच्याकडे बघायचीस, मग चुलीवर दूध असो की दारात पाहुणे. किती दूध उतू गेलं. आबा कुरकुरायचा. मग कधीतरी बापू आपण होऊन पदर ओढायला लागला. टीव्हीचा आवाज मोठा झाला की ओढायचा. पोट दुखलं की ओढायचा. नुसतं जवळ बसावंसं वाटलं तरी ओढायचा. तुझ्या एकाही लुगड्याचा पदर धड राहिला नाही. त्या उसवलेल्या पदरांनी तू लग्नाकार्यात मिरवायचीस, आणि कुणी बोट दाखवलं तर सांगायचीस की आमच्या बापूचं बोलणं आहे ते.

गोळी उतरत उतरत पावावर आली आणि तिथे आपलं घोडं अडलं. तुझं म्हणणं, तो आता मारत नाही, मग गोळी कशाला. माझं म्हणणं, गोळी आहे म्हणून मारत नाही. "तुले काय माहीत?" हे तुझं शेवटचं वाक्य. खरं सांगू? मला माहीत नव्हतं. तुलाही नव्हतं. डॉक्टर हसून म्हणायचे की तुमचं दोघांचं मिटलं की मला कळवा.

पण एक गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही, आज सांगतो. आपल्या नंदाच्या लग्नात बापू पंगतीला पाणी वाढत होता. तुमच्या त्या एकुलत्या एका लेकीचं लग्न, आणि व्याही नरडाण्याचे, जरा तोऱ्यातले. त्यांच्यातल्या एका बाईंनी तुला विचारलं, हे कोण, आणि यांना काही औषधपाणी केलं नाही का? मी मांडवाच्या खांबामागे उभा होतो, तुला दिसत नव्हतो. तू ताठ मानेने म्हणालीस, "हाऊ नंदाना काका शे. आन औशद शे ना, रोज लेस तो. पाव गोयी." अशा थाटात म्हणालीस की जणू ती पाव गोळी तूच शोधून काढली होती. मी ते ऐकलं, वहिनी. भांडण मी त्याच दिवशी जिंकलो होतो. तुझा मान ठेवून गप्प बसलो इतकंच.

पुढे माझ्या दुकानात अशा पोरांच्या आया यायला लागल्या. कुणी शेतातून थेट आलेली, कुणी बाजारपेठेतल्या मारवाड्यांच्या घरची सून, तोंडावरून घुंघट ओढून हळू आवाजात औषध मागणारी. चिठ्ठी बघून मला कळायचं. औषध द्यायचो आणि म्हणायचो, घरी जाऊन आमच्या वहिनीला भेटा. तू त्यांना काय सांगायचीस ते मी पडवीत बसून ऐकलंय. गोळी दे, पण पोरगं जागं आहे का ते रोज बघ. निजून राहत असेल तर डॉक्टरशी भांड. आधी दात बघ, कान बघ, पोट बघ. आणि शेवटी, हे कधीच चुकलं नाही, गोळी आपल्या मनाने एकदम तोडू नकोस, मी तोडली होती, माझ्या दिराच्या कानातून रक्त आलं होतं. दरवेळी सांगायचीस. जी गोष्ट दुसऱ्या कुणी जन्मभर झाकून ठेवली असती ती तू परक्या बाईच्या हातात चहाच्या कपासोबत द्यायचीस. त्या मारवाड्यांच्या सुनेने तुझ्या पायाला हात लावला तेव्हा तू तिला रागावलीस. मला तुझा अभिमान वाटायचा, वहिनी. छाती फुगायची माझी. दिराने वहिनीला असं तोंडावर म्हणायची आपल्यात पद्धत नाही, म्हणून मी आपला गोळ्यांवरून टोमणे मारत राहिलो. तू ओळखलं असशील. तुला पदराच्या ओढीवरून माणूस कळायचा, टोमण्यावरून कळला नसेल असं नाही.

आता त्या दिवसाचं सांगतो.

तुला अंगणात ठेवलं होतं. बायांनी हंबरडा फोडला, तसा बापूचा हात वर गेला. पहिला तडाखा मला आत ओसरीत ऐकू आला. किती वर्षांनी तो आवाज ऐकला. मी बाहेर येईपर्यंत दुसरा, तिसरा. सुरतच्या नानांनी त्याचा हात धरला आणि मला म्हणाले, "गोयी दे ना त्याले, मोठी. तुनं तं दुकानच शे. दोन घंटा पडी ऱ्हाई कोपरामा, तोवर आपलं कार्य व्हई जाई." वाईट बोलले नाहीत ते. त्यांना वाटलं पोराचे हाल होतील. आबाने माझ्याकडे पाहिलं. दुकानाची किल्ली माझ्या खिशात होती, आणि तुला माहीत आहे, गोळीच्या बाजूने बोलणारा या घरात मीच.

मी म्हणालो, "नही. त्यानी वहिनी गयी शे. त्याले रडू द्या."

मग मी बायांकडे वळलो आणि जरा आवाज कमी करा म्हणालो. त्यांना ते लागलं. मढ्यापुढे रडू नका म्हणणारा हा कोण, असं काकूंच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. पण आवाज उतरला. मी बापूचा हात नानांच्या हातातून सोडवला, त्याच्याशेजारी जमिनीवर बसलो आणि काहीच केलं नाही. त्याने आणखी एकदा मारून घेतलं. मग थांबला. तुझ्याकडे बघत राहिला, आणि मोठ्याने रडायला लागला. माणसं रडतात तसा. त्याला असं रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

सकाळची पाव गोळी त्याला त्या दिवशीही वेळेवर दिली होती, हे सांगून ठेवतो. आणि ती मी चालूच ठेवणार आहे. हेच माझं उत्तर. पटत नसेल तर भांड.

आई गेली तेव्हा आम्ही बापूला खोलीत कोंडून ठेवलं होतं आणि तो आतून दारावर डोकं आपटत होता. तुला उचलायची वेळ झाली तेव्हा तो आपण होऊन उठला आणि पुढे आला. कुणी अडवायच्या आत आबाने त्याला स्वतःच्या शेजारी जागा दिली. वाटेत भाऊबंद खांदा बदलायला पुढे येत होते. आबा थकला, त्याने बदलला. मीही बदलला. बापूने स्मशानापर्यंत आपला खांदा कुणाला बदलू दिला नाही.